सालबाईचा जामीनदार

ग्वाल्हेरहून दक्षिणेकडे निघाले की सुमारे वीस मैलांवर सालबाई नावाचे लहानसे गाव लागते. १७ मे १७८२ रोजी या गावी मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील युद्ध थांबविणारा तह झाला. त्याच्या सतरा कलमांवर कंपनीतर्फे डेव्हिड अँडरसन याने, तर पेशव्यांतर्फे महादजी शिंदे यांनी संमती दिली. महादजींची भूमिका मात्र एवढ्यावर संपत नव्हती. तह पाळला जाईल याची हमी त्यांनी इंग्रजांना दिली आणि पेशव्यांनाही दिली. एकाच तहात एका पक्षाचा वकील आणि दोन्ही पक्षांचा जामीन होणारा दुसरा सरदार मराठ्यांच्या इतिहासात सहसा आढळत नाही.

१२ फेब्रुवारी हा महादजींचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने पानिपतावरची त्यांची जखम, दिल्लीवरचा त्यांचा अंमल आणि वडगावचा विजय यांचे स्मरण दरवर्षी होते. सालबाईचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक महादजींची खरी कसोटी येथेच लागली. पुणे, हैदराबाद, म्हैसूर आणि नागपूर या चार दरबारांनी मिळून जे युद्ध आरंभले, ते संपवायचे कोणी, केव्हा आणि कोणाला विचारून, हा प्रश्न सालबाईला उभा राहिला. महादजींनी त्याचे जे उत्तर दिले, त्याची फळे पुढे दोन पिढ्यांनी भोगली.

महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे राणोजी शिंदे यांचे ते धाकटे पुत्र. शिंद्यांच्या घराण्याने पेशव्यांच्या उत्तरेकडील राजकारणाची किंमत रक्ताने मोजली. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. तुकोजी आणि जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी यांचा बळी पानिपतच्या संग्रामाने घेतला. त्याच रणातून पळताना महादजींच्या पायावर घाव बसला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना उचलून वाचविले. महादजी जन्मभर लंगडत चालले आणि राणेखानाला जन्मभर भाऊ मानून त्यांनी त्याला मोठ्या पदाला चढविले. उपकार न विसरणे हा त्यांचा स्वभाव होता. अपकारही ते विसरत नसत.

पानिपतानंतर शिंद्यांची सरदारकी कोणाकडे जावी, यावर काही वर्षे वाद चालला. राघोबादादांचा महादजींना विरोध होता. थोरल्या माधवरावांनी अखेर महादजींचा हक्क मान्य केला. १७७२ च्या आरंभी बादशहा शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणात दिल्लीच्या तख्तावर परतला, त्यात महादजींचा मोठा वाटा होता. पण त्याच वर्षी माधवराव वारले, पुढच्या वर्षी नारायणरावांचा खून झाला आणि पुण्याची गादी हेच भांडणाचे मूळ बनले.

इंग्रज या भांडणात शिरले ते राघोबादादांचे बोट धरून. मार्च १७७५ मध्ये दादांनी सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी करार केला. गादी मिळवून द्यावी आणि मोबदल्यात साष्टी, वसई घ्यावी, असा तो सौदा होता. नाना फडणवीस, सखारामबापू आदी बारभाई बाल सवाई माधवरावांच्या बाजूने उभे राहिले. कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला सुरतेचा करार रुचला नाही. म्हणून १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. पण मुंबईकरांनी तोही मनापासून पाळला नाही. १७७८ च्या अखेरीस त्यांची फौज दादांना घेऊन बोरघाट चढली. तळेगावापर्यंत आलेल्या या फौजेची रसद मराठ्यांनी तोडली, पुढचा मुलूख जाळून ओसाड केला आणि माघारी वळलेल्या इंग्रजांना जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडले. तेथे झालेल्या करारात इंग्रजांनी दादांना स्वाधीन करण्याचे आणि जिंकलेला मुलूख परत देण्याचे कबूल केले. फार्मर आणि स्टुअर्ट हे दोन अधिकारी ओलीस राहिले. या वाटाघाटींची सूत्रे महादजींच्या हाती होती. शरण आलेल्या फौजेची कत्तल न करता तिला त्यांनी मुंबईस जाऊ दिले. हे औदार्य की दूरदृष्टी, याचा निकाल तीन वर्षांनी लागायचा होता.

वडगावचा करार कलकत्त्याने धुडकावला. वॉरन हेस्टिंग्जने उत्तरेतून पाठविलेला जनरल गॉडर्ड मध्य हिंदुस्थान ओलांडून सुरतेस पोहोचला होता. महादजींच्या पहाऱ्यात झाशीकडे नेले जात असलेले राघोबादादा वाटेतून निसटून इंग्रजांकडे गेले. युद्ध पुन्हा पेटणार हे उघड झाले आणि तेव्हा नाना फडणवीसांनी आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा डाव मांडला.

या डावाचे आवाहन पुण्याइतकेच हैदराबादचेही होते. गुंटूर सरकार इंग्रजांनी परस्पर बळकावल्यामुळे निजाम अली चिडलेला होता. हैदर अलीचे मद्रासकरांशी जुने वैर होते. नागपूरचे मुधोजी भोसले पूर्वेकडून बंगालच्या दाराशी होते. ठरले असे, की हैदरने मद्रासवर उतरावे, निजामाने उत्तर सरकारांत शिरावे, भोसल्यांनी बंगालवर चालून जावे आणि पुणेकरांनी गुजरात व मुंबईचा मोर्चा सांभाळावा. चारही इंग्रजी ठाणी एकाच वेळी अडकली म्हणजे एकाने दुसऱ्याच्या मदतीला जायचे कसे? हिंदुस्थानातील चार सत्तांनी कंपनीविरुद्ध एवढ्या विस्ताराचा संयुक्त मनसुबा यापूर्वी कधी आखला नव्हता. गोव्याच्या पोर्तुगीजांनाही पुण्याने दूर ठेवले नाही. डिसेंबर १७७९ मध्ये त्यांच्याशी मैत्रीचा तह झाला आणि त्यापोटी दमणला लागून असलेल्या नगर हवेलीतील गावांचा महसूल पुढे त्यांना मिळाला.

हैदरशी मैत्री जुळविण्यासाठी नानांना मोठी किंमत द्यावी लागली. कृष्णा आणि तुंगभद्रेच्या दरम्यानचा मुलूख हैदरने पुण्यातील यादवीचा फायदा घेऊन गिळला होता. आजच्या धारवाड आणि बेळगावच्या परिसराला थोरल्या माधवरावांच्या स्वाऱ्या आठवत होत्या. तो मुलूख हैदरच्या हाती राहू देणे पटवर्धनांसारख्या दक्षिणी सरदारांना झोंबणारेच होते. मित्राला जवळ करताना आपल्याच घरातले जे जे दुखावले जाते, त्याचा हिशेब युद्धाच्या आरंभी कोणी मांडत नाही. तो शेवटी मांडावा लागतो.

आरंभ दैदीप्यमान झाला. जुलै १७८० मध्ये हैदर प्रचंड फौजेनिशी कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरात पोल्लिलूर येथे त्याने कर्नल बेलीची तुकडी पूर्ण नष्ट केली. मद्रास हादरले. बाकीच्या मोर्चांवर मात्र मित्रांचे पाय जड झाले. हेस्टिंग्जने गुंटूर परत केले आणि निजामाची तलवार म्यानातच राहिली. भोसल्यांचे पुत्र चिमणाजी फौज घेऊन कटकपर्यंत गेले, पण मुधोजींनी कंपनीशी आतून बोलणी लावली, पैसा घेतला आणि बंगालला धक्का लागला नाही. बडोद्याचे फत्तेसिंह गायकवाड तर जानेवारी १७८० मध्येच गॉडर्डला मिळाले होते. अहमदाबाद पडले. त्याच वर्षी डिसेंबरात वसई पडली आणि ती वाचविण्यासाठी झुंजणारे रामचंद्र गणेश रणात कामी आले. एप्रिल १७८१ मध्ये हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी बोरघाटातून पनवेलीकडे परतणाऱ्या गॉडर्डला चांगलेच झोडपले. इंग्रजांचे चारशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. पुणे वाचले, पण चौघांच्या मनसुब्यापैकी आता दोघेच खऱ्या अर्थाने लढत होते: पुणेकर आणि हैदर.

महादजींवर याच काळात घाला आला. ते गुजरातेत गॉडर्डसमोर असताना ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री कॅप्टन पॉपमच्या शिपायांनी शिड्या आणि दोर लावून ग्वाल्हेरचा अभेद्य मानलेला किल्ला घेतला. गोहदचा राणा इंग्रजांना सामील होता. महादजी माळव्याकडे धावले. मार्च १७८१ मध्ये कर्नल कॅमॅकने त्यांच्या छावणीवर रात्री छापा घालून तोफा पळविल्या. पुढे महादजींनीही कॅमॅकच्या फौजेला रसदीवाचून जेरीस आणले. कोणीच कोणाला निर्णायक मात देऊ शकत नव्हते. पण उज्जैनपासून चंबळेपर्यंतचा ज्याच्यावर शिंद्यांची फौज पोसली जात होती तो मुलूख आगीत होता. नानांचे युद्ध महादजींच्या शेतात लढले जात होते.

हेस्टिंग्जचीही अवस्था बरी नव्हती. खजिना रिता होता, मद्रासची लाज हैदरच्या हाती होती आणि फ्रेंचांचे आरमार येण्याची धास्ती होती. हैदरला गाठायचे तर मराठ्यांना मोकळे करणे भाग होते. हेस्टिंग्जने पुण्याचा दरवाजा न ठोठावता महादजींचा ठोठावला. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी कर्नल म्यूर आणि महादजी यांच्यात समझोता झाला. म्यूरने यमुनेपलीकडे जावे, महादजींनी उज्जैनकडे परतावे आणि इंग्रज व पुणे दरबार यांच्यात समेट घडवून आणावा, असे ठरले. पुढच्या जानेवारीत अँडरसन महादजींच्या छावणीत येऊन बसला आणि मेमध्ये सालबाईचा तह झाला.

तहाची कलमे पाहिली तर पुण्याने फारसे गमावले नाही. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी जिंकलेला मुलूख, वसईसह, परत मिळाला. साष्टी गेली ती गेलीच. राघोबादादांना दरमहा २५ हजार रुपये तनखा ठरला आणि इंग्रजांनी त्यांची पाठ सोडली. ते कोपरगावी येऊन राहिले आणि १७८३ च्या अखेरीस वारले. गायकवाड पूर्वीप्रमाणे पेशव्यांचे मांडलिक राहिले. पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपीय सत्तेला मराठी मुलखात वखारी घालू द्यायच्या नाहीत, असेही ठरले. रोख अर्थातच फ्रेंचांवर होता. भडोच इंग्रजांनी महादजींना दिले, वडगावला इंग्रजांशी केलेल्या वर्तनाची आठवण म्हणून. सवाई माधवरावांची गादी निर्वेध झाली. ज्या कारणासाठी युद्ध पेटले होते, ते कारण पुण्यापुरते संपले.

पण नवव्या कलमात हैदर होता. हैदरने इंग्रज आणि अर्काटचा नवाब यांचा जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा, कैदी सोडावेत आणि हे पेशव्यांनी त्याच्याकडून करवून घ्यावे, असे त्या कलमाने ठरविले. म्हणजे जो मित्र त्या क्षणीही रणांगणावर होता, त्याच्या विजयाचा सौदा त्याच्या गैरहजेरीत झाला आणि सौदा पाळून घेण्याची जबाबदारी त्याच्याच मित्रांवर आली. म्हैसूरच्या छावणीत ही बातमी पोहोचली, तेव्हा मराठ्यांच्या शब्दाचे मोल काय झाले असेल, हे सांगावे लागत नाही.

पुण्यात नानांनी तहावर मोहोर उमटविण्याची घाई केली नाही. कलकत्त्याने जूनमध्येच मान्यता दिली, पण पुण्याची मान्यता डिसेंबरपर्यंत लांबली. या विलंबामागे दोन हेतू होते. हैदरला सोडल्याचा डाग अंगावर घ्यायचा नव्हता, हा एक. मराठे तहाला बांधले जातील या भीतीने हैदर कृष्णेकाठचा मुलूख सोडील आणि मराठे पुन्हा लढतील या भीतीने इंग्रज आणखी वाकतील, हा दुसरा. नाना एकाच वेळी दोघांनाही ताटकळत ठेवीत होते. महादजींनी जामीन राहून आपली पत पणाला लावली होती. नानांच्या प्रत्येक सबबीने ती पत थोडी थोडी उतरत होती. दोघांतील पुढच्या वैराचे बीज येथे पडले नसेलही, पण त्याला पाणी येथे मिळाले.

७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर अली चित्तूरजवळच्या छावणीत मरण पावला. त्याच महिन्यात पेशव्यांची संमती झाली आणि २४ फेब्रुवारी १७८३ रोजी तहाच्या प्रतींची अदलाबदल झाली. नानांच्या हातातील शेवटचा मोहरा पटावरून गेला होता.

टिपूने नववे कलम मुळीच मानले नाही. तो वर्षभर लढत राहिला. महादजींनी ऑक्टोबर १७८३ मध्ये, टिपूने तह न पाळल्यास त्याच्याविरुद्ध उभे राहण्याचा करार इंग्रजांशी केला. हमी दिली की ती निभावण्याचा भार माणसाला कोठे नेतो, याचे हे उदाहरण. जो कालपर्यंत मित्र होता त्याच्याविरुद्ध शस्त्र धरण्याचे वचन त्यांना द्यावे लागले. ते शस्त्र उचलण्याची पाळी मात्र आली नाही. मद्रासकर इंग्रजांनी ११ मार्च १७८४ रोजी मंगळूरला टिपूशी परस्पर तह उरकला. त्यात ना मराठ्यांचा सल्ला होता, ना सालबाईची बूज. महादजींनी ज्या रीतीने हैदरला वगळून तह केला, त्याच रीतीने इंग्रजांनी महादजींना वगळले. हेस्टिंग्जलाही हा तह आवडला नव्हता, पण तो मोडण्याचे बळ त्याच्यात नव्हते.

परिणाम दक्षिणेत भोगावे लागले. १७८५ मध्ये टिपूने नरगुंद आणि कित्तूर गिळले. पुढच्या वर्षी नानांना निजामाची मदत घेऊन बदामीला वेढा घालावा लागला. चार वर्षांपूर्वी एकाच शत्रूविरुद्ध लढणारे दोन दरबार मलप्रभेच्या खोऱ्यात एकमेकांचे गळे धरीत होते.

महादजींनी तोपर्यंत तोंड उत्तरेकडे वळविले होते. सालबाईने त्यांना जे हवे होते ते दिले: इंग्रज पाठीवर नसण्याची निश्चिती. त्यांनी ग्वाल्हेर परत जिंकले, गोहद मोडले आणि १७८४ च्या अखेरीस बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांच्या नावे मिळवून त्याचा कारभार स्वतःकडे घेतला. द बॉइनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. १७८७ मध्ये लालसोटला माघार घ्यावी लागली. १७८८ मध्ये गुलाम कादिराने शाह आलमचे डोळे काढले. महादजींनी दिल्ली परत घेतली, गुलाम कादिराला पकडून देहान्त दिला आणि अंध बादशहाला पुन्हा तख्तावर बसविले. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे राजपुतांवर जय मिळविला. या दहा वर्षांत इंग्रज उत्तरेत त्यांच्या वाटेला गेले नाहीत. सालबाईची बाजू मांडणाऱ्याने हे सर्व मांडलेच पाहिजे.

१७९० मध्ये पुन्हा एक दोस्तांची आघाडी जमली. या वेळी मराठे, निजाम आणि इंग्रज एकत्र होते, शत्रू टिपू. महादजी तिच्यात नव्हते. मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपूचे अर्धे राज्य तिघांनी वाटून घेतले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये महादजी पुण्यास आले. थाटाच्या दरबारात त्यांनी सवाई माधवरावांना बादशाही पदाची वस्त्रे अर्पण केली. आपण पाटीलच, असे म्हणवून घेणाऱ्या या सरदाराच्या नम्रतेच्या कथा त्या दरबाराभोवती गुंफल्या गेल्या. नम्रतेच्या मागे थकलेल्या हिशेबांचे गाठोडे होते. उत्तरेच्या मोहिमांचा खर्च पुण्याने द्यावा, हे त्यांचे म्हणणे. उत्तरेचा वसूल पुण्याला मिळावा, हे नानांचे. दरम्यान जून १७९३ मध्ये लाखेरीजवळ शिंदे आणि होळकर यांच्या फौजाच एकमेकांवर तुटून पडल्या.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळच्या वानवडीत महादजींचे तापाने निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता. दत्तक दौलतराव तेव्हा कोवळ्या वयाचे होते.

सालबाईबद्दल महादजींना दोष द्यावा का? चौघांचा मनसुबा त्यांनी मोडला, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. निजाम आणि भोसले आधीच दूर झाले होते. स्वतःचा मुलूख जळत असताना समेट शोधणे हे कर्त्या पुरुषाचे कर्तव्यच ठरते. दोष असेल तर तो तह करण्यात नाही, करण्याच्या रीतीत आहे. हैदरचा वकील पुण्यात होता. त्याला विश्वासात घेऊन, त्याच्या मुलखाबद्दल त्याच्या तोंडून काही वदवून, मग सालबाईला जाता आले असते. ते काम महादजींनी केले नाही आणि नानांनीही केले नाही. एकाने घाई केली, दुसऱ्याने उशीर केला आणि मित्राला दोघांकडूनही खरे कळले नाही.

कंपनीने मात्र या प्रकरणातून पुरता धडा घेतला. एकत्र आलेल्या शत्रूंना एकत्र हरविण्याची गरज नसते. प्रत्येकाचे घर कोठे जळते आहे ते पाहून त्याच्याशी वेगळे बोलावे, हे तिला गुंटूर, नागपूर आणि सालबाईने शिकविले. १८०३ मध्ये तिने तेच केले. शिंदे आणि भोसले असईला लढले तेव्हा यशवंतराव होळकर बाजूला राहिले. होळकर लढायला उठले तेव्हा शिंद्यांचा तह होऊन गेला होता. गायकवाड तर केव्हाच तैनाती फौजेखाली गेले होते. त्या युद्धात ऑगस्ट १८०३ च्या अखेरीस इंग्रजांनी एक शहर घेतले. ते भडोच होते. वडगावच्या औदार्याची आठवण म्हणून महादजींना दिलेले.